जेवणाऱ्या पाहुण्याला विचारू नये

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वेडंवाकडं, त्याबद्दल आधीच माफी मागते. मागायची तरी कुणाची? हे मी कुणाला दाखवणार नाहीच. चौथीत शाळा सुटली. पण चार माणसांत बोलण्यापेक्षा मला कागद बरा वाटतो.

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात मुलगा, सून, नात आणि मी असे राहतो. मागच्या हिवाळ्यात मुलाच्या ऑफिसातल्या एका नागपूरच्या तरुणाची नोकरी गेली. भाड्याचं घरही सोडावं लागलं, म्हणून तो चार दिवसांसाठी आमच्या बेसमेंटमध्ये आला. चार दिवसांचा दीड महिना झाला.

"आपलं काय हॉटेल आहे?" एकदा सून मुलाला म्हणाली. "चेक-इन झालं, चेक-आउटचं नाव नाही."

"शुक्रवारी जेवताना विचारतो," मुलगा म्हणाला.

मी भाजी चिरत होते. विचारलं तर हा त्याच रात्री बॅग उचलणार. बर्फात जाणार कुठे?

तेव्हा नात शाळेसाठी ग्रीक लोकांची जुनी मोठी काव्यं वाचत होती. मी पोळ्या लाटायला लागले की ओट्यावर बसून सांगायची. "आजी, आपल्या गावाचं नाव आहे ना, तसंच एक गाव होतं. ते जाळलं त्यांनी."

"का गं?"

"एक गेस्ट आला आणि होस्टच्या बायकोला घेऊन गेला. गेस्टने रूल मोडला, मग वॉर." रूल असा, की दारी आलेल्याला आधी जेवू घालायचं, मग नाव विचारायचं. त्याला जा म्हणायचं नाही, निघाला तर अडवायचं नाही. जाताना हातात काहीतरी द्यायचं.

मी म्हटलं, "हे तर आमच्याकडचंच. आधी पाण्याचा तांब्या, मग 'कुठले पाव्हणे?'"

"पण दुसऱ्या स्टोरीत खूप गेस्ट घरात बसून सगळं खाऊन टाकतात. शेवटी होस्ट त्यांना मारतो."

"बघा आई," सून हसत म्हणाली, "ग्रीकसुद्धा कंटाळले."

मीही हसले. पण मनात म्हटलं, हा पोरगा तसा नाही. ताट स्वतः घासतो, बाहेरचा बर्फ उपसतो, दुसरी पोळी घेताना संकोचाने माझ्याकडे बघत नाही.

शुक्रवारी मी भरली वांगी केली होती. मुलगा घसा खाकरून त्याला म्हणाला, "अरे, पुढचा काय प्लॅन..."

"जेवतोय तो," मी म्हटलं. "जेवणाऱ्याला विचारू नये."

आवाज माझाच होता. मुलाने मान खाली घातली, सुनेने वाटी पुढे सरकवली. त्या तरुणाने ताटातला घास संपवला.

पुढच्या आठवड्यात तो आपणहून म्हणाला, "काकू, तिकडे दक्षिणेत कॅरी नावाच्या गावी मित्राकडे जातो. तिथे दोन इंटरव्ह्यू आहेत." मी अडवलं नाही. मुलगा दिवाळीला देतो त्यातले दोनशे डॉलर साठले होते, ते पाकिटात घालून त्याच्या हातावर ठेवले.

"परत करीन, काकू."

"परत कसले? येतो म्हण."

"येतो," तो म्हणाला.

दाराशी उभी असतानाच चूक लक्षात आली. आमच्याकडे आहेराच्या पैशांवर एक रुपया जास्तीचा ठेवतात. मी घाईत नुसते दोनशे दिले. वरचा एक नाही, म्हणजे उसनेच झाले.

त्याला नोकरी लागली. मग मुलाच्या फोनवर पन्नास डॉलर आले, "काकूंसाठी" म्हणून. मनाला लागलं. पाहुणचाराचे पैसे का कुणी फेडतं? मुलाला म्हटलं, "परत पाठव."

नात म्हणाली, "आजी, डोन्ट. त्याचा पण मान आहे ना? तू घेतलेस तर तो पुन्हा येऊ शकेल."

मुलाने विचारलं, "मग काय करू?"

"राहू दे," मी म्हटलं.

पुढे थोडे थोडे येत राहिले. एखाद्या महिन्यात नाही आले तर मला पैशांची नाही, त्याच्या नोकरीची काळजी वाटायची. काल संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला आणि बूट काढता काढताच म्हणाला, "आई, शेवटचे आले. तुझे दोनशे पूर्ण फिटले." हिशेब संपला, आता त्याचं 'येतो' तेवढं बाकी राहिलं.