झुरळांचा कायमचा बंदोबस्त

मी बोलण्याचं खातो. जाहिरातींना आवाज देतो. टीव्हीवर गुडघेदुखीच्या तेलाबद्दल जो माणूस तळमळीने बोलतो तो मी. माझा चेहरा कोणी ओळखत नाही, पण रिक्षात बसून ‘साकीनाका’ म्हटलं की कधीकधी रिक्षावाला आरशातून निरखून बघतो. तेवढ्यावर माझा दिवस चांगला जातो.

अशा माणसाच्या घरी मुलगी झाली आणि चौथं वर्ष लागलं तरी ती एक शब्द बोलली नाही. हाक मारली तर वळायची नाही. फॅनकडे मात्र तासन् तास प्रेमाने बघायची. माझी आई म्हणायची, “बोलात रे ती. तू पण उशिरानंच बोलूक लागललस. मगे थांबलस खंय?” शेवटी डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. परतताना रिक्षात बायको मुलीला घट्ट धरून रडत होती आणि मी तिला धीर देत होतो. म्हणजे बोलत होतो. आता विज्ञान किती पुढे गेलंय, माझ्या ओळखीत कोण कोण आहे, आपण काय काय करू, सगळं. मरोळ यायच्या आधीच बायको म्हणाली, “अरे, जरा गप्प बस ना. मला रडू दे.”

डॉक्टरांनी स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू करायला सांगितली होती. पण मला वाटलं, आवाज हा तर आपला धंदा. बाहेरच्या माणसाची गरज काय? अंधेरीच्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट मित्राला पटवलं आणि उत्तम माइकवर लेकीसाठी शब्द रेकॉर्ड केले. ‘पाणी’ हा शब्द मी प्रेमाने म्हटला, उत्साहाने म्हटला, तहानलेल्या सुरात म्हटला. मित्र काचेपलीकडून म्हणाला, “यार, तिला पाणी प्यायचंय की विकत घ्यायचंय?” मी हसलो नाही. माझ्या मते इतिहास घडत होता.

घरी आणून तिला हेडफोन लावला. ‘पाणी’ सुरू झालं. तिने हेडफोन काढला, सोफ्याखाली सरकवला, आणि स्वयंपाकघरात जाऊन आजीचा पदर ओढून तिला माठापाशी नेलं. आजीने पाणी दिलं. ती प्यायली आणि फॅनखाली परत आली. आई मला म्हणाली, “तुझा संपला काय?”

मग आम्ही मेट्रोने घाटकोपरला एका थेरपी सेंटरला जाऊ लागलो. तिथे सगळ्या बापांना ‘बाबा’च म्हणतात. स्पीच थेरपिस्ट तरुण मुलगी होती, बोलायची हळू. पहिल्याच दिवशी म्हणाली, “बाबा, तुम्ही नेहमीसारखं खेळा तिच्याशी. मी व्हिडिओ काढते.” कॅमेरा दिसला की मी खुलतो. ठोकळे काढले आणि सुरू झालो. “हे बघ काय! लाल ठोकळा! कुठे ठेवूया? इथे ठेवूया? अरे वा, पडला! परत घेऊया का? कोण घेणार?” मला वाटलं, काय झकास जमतंय.

नंतर थेरपिस्टने तो व्हिडिओ आम्हाला दाखवला. त्यात एक माणूस अखंड बडबडत होता आणि एक लहान मुलगी थोडी थोडी सरकत भिंतीपर्यंत पोचली होती. मधेच एकदा, अगदी क्षणभर, तिने निळा ठोकळा उचलून माझ्यापुढे धरला होता. मी लाल ठोकळ्याबद्दल बोलत होतो. मला तो दिसलाच नव्हता. तिने तो खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

“चुकलं असं नाही, बाबा,” थेरपिस्ट म्हणाली. “सगळेच घाबरले की जास्त बोलतात. फक्त एक करा. थोडंसं बोला आणि थांबा. तिच्याकडे बघत थांबा. तिला वेळ लागतो.”

“किती थांबू?”

“तुम्हाला अगदी असह्य होईपर्यंत. आणि मग अजून थोडं.”

थांबणं किती अवघड असतं ते ज्याला बोलायचे पैसे मिळतात त्यालाच विचारा. आमच्या धंद्यात रिकामी जागा गेली की क्लायंट ओरडतो. मी दात आवळून थांबायचो. बायको म्हणायची, “चेहरा नीट कर, तिला वाटेल तुला कळ आलीय.”

शेजारच्या खोलीत ऑक्युपेशनल थेरपी चालायची. तिथे छताला टांगलेला झोपाळा, गाद्या, राजम्याने भरलेला टब. लेक त्या राजम्यात कोपरापर्यंत हात घालून बसायची आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान यायचं की मलाही मोह झाला. झोपाळ्याचा मोह मात्र महागात पडला. “तिला कसं वाटतं ते कळू दे,” म्हणत मी बसलो, तिथल्या थेरपिस्ट बाईंनी दोन गिरक्या दिल्या आणि मी पांढराफटक होऊन गादीवर आडवा झालो. लेक माझ्यावरून चालत पुढे गेली आणि झोपाळ्यावर बसली.

पण तिथेच आम्हाला कळलं की घरच्या मिक्सरचा आवाज तिला नुसता नकोसा नाही, तो तिला दुखतो. आई खोबऱ्याचं वाटण लावायची तेव्हा ती किंचाळायची आणि आम्ही तिला हट्टी समजत होतो. आता आई आधी मिक्सरचं चित्र दाखवते, लेक स्वतः कानांवर आवाज अडवणारे जाडजूड हेडफोन चढवून आतल्या खोलीत जाते, आणि वाटण झाल्यावर आई दारात येऊन हात हलवते. हे जमायला दिवस लागले, पण किंचाळणं थांबलं.

त्याच सुमारास मला झुरळांच्या औषधाची जाहिरात मिळाली. वाक्य होतं, ‘झुरळांचा कायमचा बंदोबस्त!’ क्लायंटला ‘कायमचा’वर जोर हवा होता, पण क्रूर वाटायला नको होतं. मी आठवडाभर अंघोळीला जाताना, चहा घेताना, चपला घालताना तेच घोकत होतो. पुढे ती जाहिरात आईच्या मालिकेच्या मधे मधे लागायचीच.

एका रविवारी बोरिवलीहून बायकोची मावशी आली. मावशी प्रेमळ, आणि प्रेम हातांनी करणारी. आल्या आल्या तिने लेकीला उचललं, छातीशी आवळलं, दोन्ही गालांचे मुके घेतले. बांगड्या खळखळल्या. लेक लाकडासारखी ताठ झाली. आणि मग खणखणीत आवाजात, माझ्याच चढउतारांसकट, ‘कायमचा’वर नेमका जोर देऊन म्हणाली,

“झुरळांचा कायमचा बंदोबस्त!”

मावशीने तिला पटकन खाली ठेवलं.

मी नाचायलाच लागलो. “बोलली! अगं, बोलली!”

“काय बोलली ते ऐकलंस का रे?” मावशी म्हणाली.

बायको भिंतीला टेकून हसत होती आणि रडत होती. आई देवासमोर साखर ठेवायला गेली. मी काय केलं? मी वन्स मोअर मागितला. “परत म्हण ना, राजा. झुरळांचा...? झुरळांचा...?” संध्याकाळपर्यंत मी तिच्या मागे होतो. ती पलंगाखाली जाऊन बसली आणि जेवायला बोलावलं तेव्हाच बाहेर आली.

पुढच्या सेशनला मी थेरपिस्टला सगळं साभिनय सांगितलं. उच्चार किती स्वच्छ, ‘ळ’ किती सुरेख.

“उच्चार राहू दे, बाबा. तेव्हा काय चाललं होतं?”

“मावशी मुके घेत होती.”

“आणि तिने हे म्हटल्यावर मावशींनी काय केलं?”

“सोडलं.”

“मग झालं की तिचं काम,” ती म्हणाली. “काही मुलं आधी अख्खं वाक्य उचलतात, गाण्यासारखं. सुटे शब्द मागून येतात. तुमच्या जाहिरातीत हे म्हटलं की नकोसं असतं ते निघून जातं. तिने तेच सांगितलं. तिच्या भाषेत ते ‘नको’ आहे.”

इतक्या वर्षांत माझी जाहिरात कोणाच्या खरोखर कामी आल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी रुमाल शोधू लागलो. बायकोने तो आधीच पुढे केला होता.

त्यानंतर घरात ते वाक्य ऐकलं की आम्ही हातातलं थांबवायचो. नखं कापताना, केस विंचरताना, कारल्याची भाजी वाढताना. थांबायचो आणि एवढंच म्हणायचो, “नको. बरं.” हळूहळू वाक्य झिजलं. आधी झुरळं गेली, मग ‘कायमचा’ गेलं. आणि एके दिवशी मी तिला गोष्ट सांगत होतो, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांत राक्षस आणि राजकन्या दोन्ही करत होतो, तेव्हा तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, “बाबा, बंदोबस्त.”

दोन शब्द, जोडून, स्वतःचे. थेरपिस्टला फोनवर सांगताना माझा आवाज इतका फुटला की ती म्हणाली, “बाबा, हळू सांगा, काय लागलं तिला?”

आता ती सात वर्षांची आहे. शाळेत जाते. मोजके शब्द बोलते, बाकीचं टॅबवरची चित्रं दाबून सांगते. टॅबमध्ये बाईचा आवाज आहे. मी माझा देऊ केला होता, घरात कोणी दाद दिली नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघं सोसायटीच्या गच्चीवर बसलो होतो. मी काही बोलत नव्हतो, आणि खरं सांगतो, मला ते जड जात नव्हतं. डोक्यावरून विमान गेलं. तिने कानांवर हात ठेवले, मग एक हात काढून वर बोट दाखवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “विमान.”

काही मागायचं नव्हतं, काही टाळायचं नव्हतं. नुसतं मला दाखवायचं होतं. असं बोलून तिने आधी कधी काही दाखवलं नव्हतं.

अशा वेळी काय करायचं हे मला चांगलं शिकवलेलं आहे. मान हलवायची, ‘विमान’ म्हणायचं आणि थांबायचं. मी म्हणालो, “हो! विमान! केवढं मोठं विमान! कुठे चाललं असेल गं? दुबईला? बघ, चाकं आत घेतली...”

ती उठली आणि पाण्याच्या टाकीच्या पलीकडे जाऊन बसली. थोड्या वेळाने मीही गेलो, तोंड मिटून, तिच्यापासून जरा अंतर ठेवून. पुढचं विमान येईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.