हौदावरची जाळी

कुत्र्याचा हेवा वाटतो, असं कुणाला सांगायची सोय नाही. लोक हसतात. बाईला दुसऱ्या बाईचा वाटला तर चार जणी ऐकून तरी घेतात. पण मला वाटत होता, आणि चांगला जळफळाट होईल इतका वाटत होता.

कुत्रा आमच्या मुलीचा. तिला पुण्यात नोकरी लागली, तिथला घरमालक कुत्रा ठेवू देईना, म्हणून तो इथं आमच्याकडे आला. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे आमचं लहानसं घर आहे. आमचे हे कारखान्यातून निवृत्त झालेले. ज्या माणसानं आयुष्यभर दारात मांजर उभं राहू दिलं नाही, तो माणूस कुत्र्याला धोका नको म्हणून सगळं घर नव्यानं बघायला लागला. मुलगी फोनवर काही सांगायची आणि हे लगेच पेचकस घेऊन उभे.

आमची फरशी गुळगुळीत. तिच्यावर मी दोनदा आपटले होते, एकदा तर मनगट सुजलं होतं. तेव्हा मला "बघून चालत जा" एवढा सल्ला मिळाला होता. कुत्र्याचे पाय घसरतात म्हटल्यावर मात्र बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत मॅट आली. टीव्हीमागच्या लोंबत्या वायरी पट्टीत गेल्या. फिनेलची बाटली वरच्या फळीवर गेली, जिथं माझा हात पोचत नाही. दारातली कण्हेर विषारी असते असं कळलं आणि मी देवळात गेलेली असताना ती मुळासकट निघाली. देवाला रोज त्याच झाडाची फुलं वाहायची मी. विचारलं तर म्हणाले, "अगं, त्यानं पान चावलं असतं म्हणजे?"

त्याला ते बेटा म्हणायचे. पोटच्या पोरीला कधी म्हटलं नाही.

पण खरी आग लागली ती हौदावरून. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मधले किती दिवस कोरडे जातील ते देवालाच ठाऊक. म्हणून पोर्चमध्ये, जमिनीखाली, घरोघर हौद आहेत. पाणी यायच्या दिवशी हौदातलं पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हा कुणीतरी आत उतरून तळाचा गाळ काढायचा आणि भिंती घासायच्या. आमच्या घरात ते काम माझं. यांचं पोट त्या तोंडातून आत जात नाही. हौदावर जाड लोखंडी पत्रा होता, तो ओढताना माझी कंबर धरायची. बिजागरीचं हलकं झाकण करून घ्या, असं मी किती वर्षं सांगत होते. उत्तर ठरलेलं, "बघू."

कुत्रा आला, एकदा उघड्या हौदाच्या कडेला उभा राहून आत वाकला, आणि दुसऱ्याच दिवशी वेल्डर दारात हजर. बिजागरीची सुबक जाळी बसली, वरून कडी. शेजारीण बघून गेली. "लई नशीबवान कुत्रं हाय बाई तुमचं," ती म्हणाली. मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी सकाळीच गल्लीच्या ग्रुपवर निरोप आला, थोड्या वेळात पाणी सुटतंय. मी पदर खोचला, खराटा आणि पातेलं घेतलं आणि यांना सांगितलं, "मी खाली उतरते हो." ते कुत्र्याला पट्टा लावत होते. "हं," म्हणाले. मी आत उतरून पार कोपऱ्यात बसून गाळ भरायला लागले.

वर सावली हलली. "बेटा, तिकडं नाही हं, पडशील," असं लाडात बोललेलं ऐकू आलं. मग जाळी खाली आली आणि कडी लागली. मला वाटलं, थट्टा करतायत. आमच्यात थट्टा कधी चालत नाही, तरी वाटलं. तेवढ्यात फाटक वाजलं आणि दोघं फिरायला निघून गेले.

मी हाका मारल्या. हौदातला आवाज हौदातच घुमतो. जाळीतून बोटं काढली, पण कडी पलीकडच्या बाजूला होती. आणि पाणी आलं. एरवी त्या आवाजानं जीव थंड व्हायचा. त्या दिवशी पाणी घोट्याच्या वर चढलं आणि मला घाम फुटला. आमचा हौद भरला की काठोकाठ भरतो आणि उभी राहिले तर माझं डोकं जाळीला टेकत होतं. भीती वाटली हे खरंच, पण भीतीहून जास्त राग होता. आपण मरू आणि हा माणूस तिकडे कुत्र्याला कुठल्यातरी झाडाखाली उभा करून कौतुकानं बघत असेल, हेच सारखं मनात येत होतं.

पातेलं जाळीवर बडवत राहिले. गल्लीभर पाणी खेचायच्या मोटारी सुरू होत्या, त्यात कुणाला ऐकू जाणार. पाणी गुडघ्याच्या वर आलं तेव्हा शेजारीण नळी ओढता ओढता थबकली आणि धावत आली.

"अगं बया, कुणी कोंडलं तुला?"

"कुत्र्यानं," मी म्हटलं.

तिनं हात देऊन वर काढलं. मी पायरीवर बसले, अंगाला गाळ, दात वाजत होते. ती तिच्या पाण्याकडे पळाली तेव्हा हे परतले. मला बघितलं, उघड्या जाळीकडे बघितलं, आणि हातातला पट्टा सुटला.

"तू आत होतीस?"

"सांगून उतरले होते."

"झाकण उघडं दिसलं. मला वाटलं, हा पडेल."

"आणि मी?"

खोटं बोलायची सवय नाही त्यांना, हा एक गुणच म्हणायचा. "तू असशील असं डोक्यातच आलं नाही," ते म्हणाले. "तुझं काही होईल असं कधी वाटतच नाही मला."

कौतुक म्हणून घ्यावं की कानाखाली मारल्यासारखं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. एवढी वर्षं मी पडत होते, उठत होते, पत्रा ओढत होते, म्हणून मी न पडणारी ठरले होते. कुत्र्यानं नुसतं वाकून बघितलं, तर घर बदललं.

ते आत गेले आणि टॉवेल घेऊन आले. तो माझ्या खांद्यावर टाकला. टॉवेल जाडजूड, नवा आणि मऊ होता. असला टॉवेल आपल्या घरात आहे हे मला माहीतच नव्हतं.

"कुणाचा हा?"

"त्याचा," ते खाली बघत म्हणाले. "धुतलेला आहे."

मी त्यानं तोंड पुसलं, केस पुसले, पाय पुसले, बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या. कुत्रा समोर बसून टॉवेलकडे बघत होता.

"त्याला दुसरा आणा," मी म्हटलं. "हा आता माझा."

त्यांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच विचारलं, "लागलं का कुठं?"