दोन्हीकडची डोकी

जळकोटला हायवेवर एका न्हाव्याचं सलून आहे. अमेरिकेचं यादवी युद्ध मी कॉलेजात वीस वर्षं शिकवतोय, तो मोबाईलवर ऐकून शिकला. गिऱ्हाईकाचा भांग पाडून म्हणतो, "ही उत्तर, ही दक्षिण. गुलाम ठिवायचे का न्हाय, यावरनं जुंपली." दाढी झाली तरी माणसं बाकावरून उठत नाहीत. त्यांत वर्गात जांभया देणारे माझे विद्यार्थीही असतात. माझ्या पोटात दुखतं ते तिथं.

सन मात्र तो हमखास चुकतो. परवा मी सगळ्यांदेखत सुधारला. "व्हय का सर?" म्हणून तो मनापासून हसला. मी आणखीच चिडलो. "बरं, जिंकलं कोण, ते तरी सांग."

त्याचा वस्तरा थांबला.

"उत्तर जिंकलं, गुलाम सुटले, ते लई बेस झालं. पर सर, लढाई भावाभावांची. आपल्याकडं बांधावरनं कोर्टात गेलेले भाऊबी घरात मयत झाली की दहाव्याला एका वळीत डोकी करायला बसत्यात. दोन्हीकडची मीच भादरतो. केस जिंकलेलं डोकं कुठलं, वळखू येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी हा दाखला मी वर्गात स्वतःचा म्हणून दिला. वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी जांभई दिली नाही. त्याचा तर मला जास्तच राग आला.