कड्यावरची पात

गेल्या वर्षी माझ्या कानात काहीतरी बिघडलं आणि पायाखालची जमीन माझं ऐकेनाशी झाली. उठलं की खोली फिरायची. औषधं झाली, तपासण्या झाल्या. शेवटी अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, दोष गेला, आता उरली ती भीती. पण भीतीवर गोळी कुठे मिळते? मी वलगावची, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. अकोल्यात राहून शेतीचं शिक्षण घेतलं. बियाण्यांच्या कंपनीतली माझी नोकरी म्हणजे दिवसभर लोकांची वावरं पायी तुडवायची. ती मी आता भिंत धरून न्हाणीघरात जात होते. साहेबांनी निरोप धाडला होता, येत्या हंगामाला उभ्या राहा, नाहीतर जागा भरावी लागेल. खरं सांगते, देवावर माझा राग होता.

आईचा नव्हता. होस्टेलातली माझी मैत्रीण कोकणातली. तिच्या गावची देवी समुद्राच्या कड्यावर आहे. तिनं पाठवलेला फोटो पाहिला आणि आईनं परस्पर नवस बोलून टाकला, माही पोरगी कड्याच्या वाटेनं पायी येईन, आपल्या वावरातल्या कापसाची वात लावीन. मी चिडले, तर म्हणते कशी, "तुले इचारलं असतं तं तू शंभर कारणं सांगितली असती."

वेचणी सुरू करताना वावरात मांडतात ती सीतादहीची पूजा करून वेचलेला पहिला कापूस पदरात बांधून आई निघाली, आणि तिच्यामागे मी. देवळापर्यंत डांबरी रस्ता आहे, पण नवस पायवाटेचा होता.

ती वाट मी जन्मात विसरणार नाही. लाल, खडबडीत कातळ, त्यावर वाळून सोनेरी झालेलं गवत, उजवीकडे एकदम तुटलेला कडा आणि खाली समुद्र. वारा असा की ओढणी सांभाळावी की स्वतःला, कळेना. आईचा हात धरून सुरुवातीचा भाग मी बरा चालले. मग आम्हा काळ्या मातीच्या माणसांची खोड नडली. उन्हाळ्यात आमच्या वावरांना भेगा पडतात, त्यामुळे नजर सदा पायाखाली असते. तशीच मी कातळातल्या एका भेगेत पाहिलं. आमच्या भेगेत अंधार असतो. हिच्यात खोल तळाशी पांढरं पाणी उसळत होतं. लाट आत शिरली, ढोलासारखा आवाज झाला आणि सगळं आभाळ फिरलं. मी मटकन खाली बसले. आई उठवायला गेली, तर मी तिलाच ओढून खाली बसवलं. परत फिरावं की पुढे जावं, दोन्ही जमेना. "आणलंस तर आता सांभाळ," असं मी देवीला मनात म्हटलं. ती प्रार्थना नव्हती, भांडणच होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अवं, काहून बसली वं अशी गाठोड्यावानी?"

कोकणातल्या कड्यावर आपली बोली! वळून पाहिलं, तर नऊवारीतल्या एक मावशी फुटाणे खात उभ्या होत्या, मागे त्यांच्या सोबतच्या बाया.

"कोठची तू?"

"वलगाव."

"अन् मी अकोल्याची. काहून लाजवतं वं माय वऱ्हाडाले?" मग आईकडे वळून म्हणाल्या, "आमाले जायचं होतं दुसऱ्याच देवळात. ड्रायव्हर चुकला. सकाळपासून त्याले शिव्या देऊन राहिलो. गाडी रस्त्यानं धाडली अन् आमी पायवाटेनं निघालो."

आईनं माझं दुखणं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं, फुटाण्यांची पुडी कमरेला खोचली. "कापूस वेचला हाय का कधी?"

"वेचला."

"मंग पात धर. अख्खं वावर पाहून कोनी येचत नाही. माह्या मांगं ये, माह्या टाचा पाह्य."

वेचणीला प्रत्येक बाईला कपाशीची एक ओळ मिळते, ती तिची पात. लहानपणी आईच्या बाजूची पात धरून मी वावराच्या दुसऱ्या टोकाला कधी पोचायचे, मलाही कळायचं नाही. मी उठले. दोन भेगाळलेल्या टाचा पुढे, त्यांच्यामागे मी. पाय पडत गेला, कातळ त्याला धरत गेला. केव्हातरी टाचांवरून नजर सुटली आणि समोर समुद्र दिसला, उन्हात लखलखणारा, थेट आभाळापर्यंत. या वेळी आभाळ फिरलं नाही. खारा वारा तोंडावर घेत, दगडामागून दगड ओलांडत मी चालत राहिले. चालण्यात एवढं सुख असतं, हे पाय शाबूत असताना मला कधी समजलंच नव्हतं.

"हळू वं! आता मलेच मांगं टाकतं काय?"

मी मावशींच्या पुढे निघून गेले होते.

गाभाऱ्यात वारा नव्हता. आमच्या कापसाची वात शांत तेवली. बाहेर आले तोवर मावशींची गाडी हॉर्न देत निघालीही होती. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. कोणी याला योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी मात्र त्या चुकलेल्या ड्रायव्हरलाही हात जोडले.

परतीला रिक्षा उभी होती. मी नको म्हटलं. त्याच कड्यावरून मी पुढे चालले, आणि मागे आई वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होती, "थे पुढं चालून राहिली नं, थे माही पोरगी हाये."

हंगामाला मी कामावर उभी राहिले. आजही एखाद्या बांधावर डोकं हलकं होतं. तेव्हा देवीला म्हणते, वावर तुझं, त्याचं टोक तुला ठाऊक. माझी पात तेवढी दाखव. आणि पाय उचलते.