सईचे खांदे

बावीस वर्षं मी शाळेत पीटी शिकवतो आहे. रांगेत उभ्या असलेल्या शंभर मुलांत कुणाला खरंच बरं नाही आणि कोण नुसतं ढोंग करतंय, हे मला लांबूनच कळतं, असा माझा समज होता. त्या समजाची शिक्षा माझ्या मुलीने भोगली. देवाने माझ्यावर केलेली कृपा सांगायला बसलो आहे, पण आधी माझं पाप सांगितल्याशिवाय ती सांगता येणार नाही.

आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. ताठ पाठीचं आमच्या घरात फार कौतुक. माझी एकुलती एक मुलगी सई मात्र लहानपणापासून खांदे पाडून चालायची. दप्तराचे पट्टे तिच्या खांद्यांवरून सारखे घसरायचे. रोज सकाळी मी तिला गच्चीवर सूर्यनमस्कार घालायला लावायचो. तिचे हात कानांपर्यंत कधी पोचलेच नाहीत, अर्ध्यावर थांबायचे. दुखतं म्हणाली की मी म्हणायचो, "तुला जमतं, तू करत नाहीस." तिची आई मध्ये पडली तर तिलाही ऐकवायचो की तुझ्या लाडांनी पोरगी अंगचोर झाली आहे. सई माझ्याच शाळेत नववीत होती. प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीची तालीम चालू असताना तिचे हात सगळ्यांच्या खाली दिसत होते. मी तिला रांगेतून बाहेर काढलं, बाकीच्यांना खाली बसवलं आणि तिला एकटीला हात वर करून उभं राहायला सांगितलं. हात थरथरत खाली आले. पोरं हसली. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "ही माझी मुलगी आहे हे सांगायची लाज वाटते." सई रडली नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

पुढच्याच आठवड्यात तिची आई मला न विचारता तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्यांचे निकाल ऐकायला मात्र मला बोलावलं. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवून समजावलं. मानेपासून खांद्यापर्यंत आणि पाठीच्या वरच्या भागात जे स्नायू असतात, ते सईच्या शरीरात जन्मापासूनच नीट वाढलेले नव्हते. काही ठिकाणी तर जवळजवळ नव्हतेच. असं फार क्वचित दिसतं, म्हणाले. औषधाने किंवा मेहनतीने ते नव्याने येणार नाहीत. बाकीचे स्नायू जपायचे आणि त्यांच्याकडून हळूहळू थोडं जास्त काम करून घ्यायचं. मग त्यांनी सहज विचारलं, आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी मान खाली घातली.

त्यानंतर कित्येक दिवस मला देवासमोर उभं राहवेना. हात जोडले की सईचे थरथरणारे हात दिसायचे. देव असेल तर त्याने मला एवढं आंधळं का ठेवलं, असंही मनात यायचं, आणि आपला दोष त्याच्यावर ढकलतोय म्हणून पुन्हा लाज वाटायची. शेवटी एका बुधवारी शाळा सुटल्यावर आमच्या शहरातल्या खजराना गणपतीच्या देवळात गेलो. तिथे गणपतीच्या पाठीमागच्या भिंतीवर कुंकवाने उलटा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढून मागणं मागतात, आणि ते पुरं झालं की येऊन सुलटा काढतात. माझं मागणं ठरलेलं होतं. डॉक्टर काहीही म्हणोत, माझ्या मुलीला पाठ दे.

बोटाला कुंकू लावलं, पण बोट भिंतीला टेकेना. मागे गर्दी वाढत होती. शेजारी साठीची एक बाई होती, सांवेरकडच्या खेड्यातून आलेली. अर्धी हिंदी, अर्धी माळवी बोलत होती. तिने आपला साथिया काढून पदराला बोट पुसलं आणि म्हणाली, "भिया, बनाना हो तो बनाओ, नहीं तो सरको. गणेशजी आपके अकेले के नहीं हैं." मी बाजूला झालो, आणि कसं कोण जाणे, जे बायकोपाशीही बोललो नव्हतो ते सगळं त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. कवायतीचं, त्या वाक्याचं, सगळं.

तिने मध्ये एकदाही च्च केलं नाही. ऐकून झाल्यावर आपलं सांगितलं. सुनेशी तिचा दोन वर्षं अबोला होता. सुनेला सुबुद्धी होऊ दे म्हणून तिने इथे उलटा साथिया काढला होता, आणि आज ती सुलटा काढायला आली होती. मी विचारलं, मग सून बोलली? हसून म्हणाली, "वो क्या बोलेगी, मैं ही बोली. गलती मेरी थी." मग माझ्या कुंकवाच्या बोटाकडे बघून तिने विचारलं, "भगवान से बेटी की पीठ माँग रहे हो. बेटी से माफी माँगी?"

ती बस चुकेल म्हणत निघून गेली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. साथिया न काढताच मी घरी आलो.

सई जमिनीवर बसून अभ्यास करत होती. मी समोर बसलो. शब्द जुळवून आलो होतो, ते सगळे विसरलो. एवढंच म्हणालो, "सई, तू खरं सांगत होतीस. मी चुकलो. मला माफ कर." तिने वही मिटली. मग म्हणाली, "बाबा, मला वाटायचं मीच खोटं बोलतेय. तुम्ही तर पीटीचे सर. तुम्ही म्हणता जमतं, म्हणजे जमतच असेल. मग दुखतं तेव्हा मला माझाच राग यायचा." त्या शब्दांनी मी मोडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर रडलो. ती गोंधळून गेली. म्हणाली, "अरे, बस ना बाबा. आई बघेल तर मलाच ओरडेल." पण मला तिथे एकटं सोडून ती उठून गेली नाही. दुसऱ्या दिवशी कवायतीच्या तासाला त्याच मुलांसमोर मी माझी चूक सांगितली.

त्या बाईला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. मला तिच्या रूपाने जे मिळालं ते मी मागितलेलं नव्हतं, आणि जे मागणार होतो त्याहून ते मोठं होतं. सईची पाठ आहे तशीच आहे. आठवड्यातून दोनदा व्यायामाला जाते, वेदना कमी झाल्या आहेत. मला मात्र बळाचाच गर्व होता. हात पसरणं म्हणजे कमीपणा, असं मी जन्मभर मानत आलो. आता देवापुढे बसतो तेव्हा काही ठरवून मागत नाही. जे माझ्या हाताबाहेरचं आहे ते त्याच्यापुढे ठेवतो आणि उठतो.

पूर्वी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचं काही हवं असलं की सई मी बाहेर जाण्याची वाट बघायची आणि मग स्टूलवर चढून कशीबशी काढायची. परवा मी पेपर वाचत होतो. आतून हाक आली, "बाबा, शेवेचा डबा काढून द्या ना, माझा हात पोचत नाही." मी उठलो आणि डबा काढून तिच्या हातात दिला.