वाजवणाऱ्याचा नाच

परवा उधव्याच्या बाजारात वाळलेला दुधी दिसला आणि माझा दोस्त आठवला. तसल्याच दुधीचा तारपा करून तो फुंकायचा आणि सगळा पाडा त्याच्याभोवती नाचायचा. दुसऱ्या दिवशी तो वापीला कंपनीत कामाला जाणार होता, तेव्हाची ती संध्याकाळ. डहाणू रोडच्या दुकानातून मी मोबाइलमध्ये गाणी भरून आणलेली, त्यात मॅसेडोनिया नावाच्या देशातल्या पोरांचं एक गाणं निघालं. दोस्त म्हणाला, "हे गातात का भांडतात?" मी अंगठेबहाद्दर, दुकानवाल्याचंच ऐकून ठोकून दिलं, "सरकारशी भांडतात." "मग जिंकले?" "जिंकले असते तर एवढे ओरडले असते का?" तो हसला, मोबाइल अंगणात मधोमध ठेवला आणि माझ्या कमरेत हात घातला. म्हणाला, "वाजवणाऱ्याला कधी नाचायलाच मिळत नाही रे." मी त्याला पाय टाकायला शिकवायला गेलो आणि स्वतःच कोंबड्यांत जाऊन पडलो. मला त्याला 'जाऊ नको' म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "तिकडून मला चपला आण." चपला त्याने कुणाच्या तरी हाती पाठवल्या, तो आला नाही. आता पाड्यात लग्नाला डीजे लागतो. मी नाचतो, लोक पोट धरून हसतात, आणि माझा एक हात अजून बाजूला त्याची कंबर शोधत असतो.