बाहेर उघडणारं दार

निनाद, मीरा, आजोबांना जाऊन पाच आठवडे झाले. आपल्या न्हाणीघराचं दार घरातल्या बोळात उघडतं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला लागतं, म्हणून तुमचे बाबा ते बदलायचं म्हणतायत. गुरुवारी सुतार येणार आहे. त्याआधी तुमच्या आजीला हे लिहायलाच हवं...

तुमचे बाबा शाळेत होते तेव्हा आजोबा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत टाक्या बनवत. सांगलीजवळच्या एका कारखान्याला त्यांनी सांडपाण्याची टाकी करून दिली. वर एकच तोंड, माणूस खांदे आवळून जेमतेम उतरेल एवढं. ती साफ करायच्या दिवशी ते स्वतः गेले होते. उतरणार होता बापू, आजोबांच्याच गावचा, कवठे महांकाळचा, विहिरींचा गाळ काढणारा. तिकडे विहिरीत आधी कंदील सोडून बघतात. विझला तर उतरायचं नाही. बापूनं कंदील सोडला. तो जळत राहिला.

“हवा चांगली हाय, सायेब,” बापू म्हणाला. आजोबांनी मान डोलावली. तेही त्याच विहिरींवर वाढलेले. पण सांडपाण्याचा गाळ ढवळला की त्यातून विषारी वायू सुटतो, आणि कंदिलानं सांगितली होती ती ढवळण्याआधीची हवा. बापू उतरून गाळ काढू लागला आणि थोड्याच वेळात ओ देईनासा झाला. त्याचा फौजेतून परतलेला भाऊ मागोमाग उडी घ्यायला निघाला, त्याला चौघांनी धरून ठेवलं. कमरेच्या दोरानं बापूला वर ओढलं, तर ढिल्या पडलेल्या अंगाचे खांदे त्या तोंडातून निघेनात... बापू गेला.

घरी आल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, “उतरायचं माप घेतलं. बाहेर काढायचं घेतलंच नाही.”

पुढच्या प्रत्येक टाकीला त्यांनी रुंद तोंड ठेवलं, तळाशी दुसरं दार दिलं. गिऱ्हाइकं चिडवायची, “आवं, टाकी बांधताय का बंगला?” आजोबा हसत नसत. टाकी साफ करायची असली की वायू मोजायचं यंत्र घेऊन स्वतः जात, आणि ते परत येईपर्यंत मी फोनपासून हलत नसे. मग त्यांनी आपलं न्हाणीघर हाती घेतलं. आत कुणी पडलं तर दार त्याच्याच अंगाला अडेल, म्हणून ते बाहेर उघडणारं केलं. आतली कडी बाहेरून नाण्यानं फिरेल अशी बसवली. मी त्यांना भित्रे म्हणाले होते.

पाच आठवड्यांपूर्वी त्या सकाळी आजोबा आंघोळीला गेले आणि आतून धप्प आवाज आला. हाक मारली, उत्तर नाही. घाईत नाणं दोनदा खाली पडलं. कडी फिरली, दार ओढलं आणि त्यांचं डोकं माझ्या पायांशी आलं. श्वास चालू होता. दवाखान्यात दोन दिवस मिळाले. तुम्ही त्यांच्याशी फोनवर बोललात ते याच दोन दिवसांत.

सुताराला येऊ नको म्हणून कळवलं आहे. दार आहे तसंच आहे. नाणं शेजारच्या कोनाड्यात आहे.